विषम मात्रांचा एवढा गवगवा कशाला?

प्रोग-रॉकवर, म्हणजे लांबलचक रचना आणि अवघड मात्रा आवडणाऱ्या रॉक संगीतावर, गप्पा रंगल्या की पाचव्या मिनिटाला कुणीतरी आकडा काढतंच. हे गाणं सातात आहे, ते तेरात आहे, अमक्या बँडच्या तमक्या तुकड्यात दर दोन ओळींनी मात्रा बदलतात. आकडा जितका आडनिडा तितकं गाणं थोर, असं एक अलिखित दरपत्रकच झालंय. त्याला वैतागलेली मंडळी म्हणतात, हे गाणं आहे की गणिताचा पेपर? आणि आपल्याकडे या वादात तिसरा गडी हमखास उतरतो. तो म्हणतो, रूपक सात मात्रांचा, झपताल दहाचा, धमार चौदाचा. आमच्याकडे हे सगळं कधीपासून आहे, त्या इंग्रज पोरांनी १९७० च्या आसपास असं काय नवं केलं?

मला तिघांचंही म्हणणं अर्धवट वाटतं. तिघेही आकड्याकडे बघताहेत. विषम मात्रा अवघड नसतात, अनोळखी असतात. ज्या गाण्यानं कानाला त्यांची ओळख करून दिली आणि आकडा विसरायला लावला, ते गाणं जमलं. ज्यानं आकडाच मिरवला, ते बहुतेक वेळा फसलं. प्रोग-रॉकच्या पन्नासेक वर्षांच्या इतिहासात दोन्ही प्रकार भरपूर आहेत, आणि चाहत्यांनी नेमका दुसरा प्रकार डोक्यावर घेतला, ही माझी तक्रार आहे.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण आधी घेऊ. पिंक फ्लॉइडचं 'मनी', १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बममधलं. रॉजर वॉटर्सची बेस गिटारवरची ती रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरून येणारी सुरांची छोटी ओळ, सात मात्रांची. चार अधिक तीन अशी ती पडते. पहिल्या चारांत स्वर उडी मारून वर जातो आणि खाली येतो, पुढच्या तीनांत पायरी-पायरीनं चढतो आणि श्वास घ्यायलाही न थांबता पुन्हा सुरुवातीला. पण गाणं बेसनं सुरू होत नाही. आधी नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा आवाज, दुकानातल्या गल्ल्याची घंटी. हे आवाज टेपवर रेकॉर्ड केले, त्या टेपचे सारख्या लांबीचे तुकडे फूटपट्टीनं मोजून कापले, एकाला एक चिकटवून त्यांचं वेटोळं केलं आणि ते फिरवत ठेवलं. म्हणजे बेस यायच्या आधीच श्रोत्याच्या कानात सातांचा ठेका बसलेला असतो आणि तो शिकवणारा मास्तर कोण, तर गल्ल्याची घंटी! अमेरिकेच्या सिंगल्सच्या यादीत हे गाणं तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं. अल्बम तर १९८८ पर्यंतच्या काळात अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या यादीत ७४१ आठवडे होता. एवढ्या लोकांनी सात मात्रा ऐकल्या, पण मोजल्या किती जणांनी असतील?

याच गाण्यात डिक पॅरीचा सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण डेव्हिड गिल्मोरची गिटार सुरू झाली की सगळे मुकाट चारात येतात. कट्टर मंडळींना ही तडजोड वाटते. मला तो या गाण्यातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. चारात आल्यावर गाणं मोकळं सुटतं, धावतं, आणि परत सातात आलं की लगाम ओढल्यासारखं होतं. सात सलग चालले असते तर सहाव्या मिनिटापर्यंत त्यांची चव गेली असती. (सात मात्रा म्हणजे कधीच पुरी न होणारी पैशाची हाव, असे अर्थ लावणारेही भेटतात. असल्या अर्थांना अंत नसतो, सोडून देऊ.)

आता सात 'अवघड' का वाटतात ते बघू. रॉकचा श्रोता टाळी देतो ती साधारण दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. एक सोडून एक. चारांच्या आवर्तनात ती टाळी कायम त्याच जागी पडत राहते. सातांत दुसरी, चौथी, सहावी अशी टाळी दिलीत की पुढची टाळी पडते नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. मग तिसरी, पाचवी, सातवी. मग पुन्हा दुसरी. म्हणजे चौदा मात्रांनी टाळी मूळ जागी येणार आणि मधल्या वेळात अख्खं स्टेडियम एकमेकांकडे बघत बसणार. पावलांचंही तेच. पहिली मात्रा उजव्या पायावर घेतली तर पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा डाव्यावर येते. जी काही अडचण आहे ती एवढीच. डोक्याचा काही संबंध नाही, सवय एक सोडून एकची आहे आणि गाणं त्या सवयीत बसत नाही.

बल्गेरियात ही अडचण कुणाला येत नाही. तिथला 'रचेनित्सा' हा नाच सात मात्रांचा आहे. दोन, दोन, तीन. पण नाचणारा सात मोजत नाही, तो तीन पावलं टाकतो: आखूड, आखूड, लांब. 'कोपानित्सा' अकरांचा. दोन, दोन, तीन, दोन, दोन. नाचणाऱ्याच्या लेखी ती पाच पावलं, मधलं लांब. लग्नाकार्यात, जत्रेत म्हातारेकोतारे हे नाचतात आणि त्यात आपण काही बुद्धिमान करतोय असं त्यांच्या मनातही येत नसावं. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक या लयींच्या इतका प्रेमात होता की 'मिक्रोकोस्मोस' या त्याच्या पियानोपाठांच्या मालिकेचा शेवटच बल्गेरियन लयीतल्या सहा नाचांनी होतो. इमर्सन, लेक अँड पामर यांच्या १९७० च्या पहिल्या अल्बमची सुरुवात याच बार्टोकच्या एका पियानोरचनेवर बेतलेली आहे. म्हणजे प्रोग-रॉकच्या विषम मात्रांचा एक धागा शोधत गेलं तर तो बाल्कनातल्या नाचापर्यंत पोचतो. विद्वत्ता तिथं नंतर आली, आधी पाय होते.

या बाबतीत एक संशोधन मला फार बोलकं वाटतं. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना त्यांनी साध्या लयीच्या आणि बाल्कन लयीच्या धुनी ऐकवल्या आणि लयीत मुद्दाम मोडतोड केली. साध्या लयीतली मोडतोड त्यांना पटकन कळली, बाल्कन लयीतली कळेना. बल्गेरिया-मॅसिडोनियातून आलेल्या मोठ्या माणसांना दोन्ही कळल्या. आणि उत्तर अमेरिकेतल्याच सहा महिन्यांच्या बाळांनाही दोन्ही कळल्या! वर्षाची होईपर्यंत मात्र बाळं आईबापांसारखीच झाली होती. मग अशा बाळांना दोन आठवडे घरी बाल्कन संगीत ऐकवलं, तर त्यांचा कान पुन्हा उघडला. तेवढ्याच ऐकण्यानं मोठ्यांचा उघडला नाही. आपण सगळे जन्मतः सातही ऐकू शकतो आणि अकराही. पहिल्या वर्षात कानावर जे पडत नाही त्याच्यासाठी कान दार लावून घेतो. नंतर ते उघडायला जोर लागतो, इतकंच.

हे मराठी माणसाला दूरचं वाटायचं कारण नाही. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' ही ओळ लघु-गुरू जपून म्हणून बघा. लघु, गुरू, गुरू. एक, दोन, दोन. पाच मात्रांचा गट, असे चार गट, वीस मात्रांची ओळ. भुजंगप्रयात. शाळेत, आजीच्या मांडीवर, परीक्षेच्या भीतीनं, कशानंही का होईना, महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांच्या तोंडात हा पाचांचा गट बसलेला असतो. त्यांतल्याच एखाद्याला पुढे कॉलेजात कुणी सांगितलं की जेथ्रो टल या बँडचं १९६९ चं 'लिव्हिंग इन द पास्ट' पाच मात्रांत आहे, तर तो डोळे विस्फारतो. अरे, तुझ्या तोंडात पाच आहेतच की! (मनाचे श्लोक पुष्कळदा चालीसाठी ओढूनताणून सहात किंवा आठात बसवले जातात हे खरं आहे, आणि तेही मला खुपतं. पण तो वेगळा विषय.)

तर ओळख करून देण्याचं काम गाण्यानं करायचं असतं. ते चांगलं करणाऱ्या गाण्यांत मला एक गोष्ट सारखी दिसते: आकडा आधी ठरलेला नसतो. आधी एक वाक्य असतं, सुरांचं किंवा तालाचं. ते जेवढं लांब पडतं तेवढ्या मात्रा होतात. जेनेसिस या ब्रिटिश बँडचं १९८० चं 'टर्न इट ऑन अगेन' तेरा मात्रांचं. त्याची रिफ बँडमधल्या माइक रदरफर्डची, आणि ती तेरात आहे हे ड्रमर फिल कॉलिन्सनं दाखवून देईपर्यंत आपण चारातच वाजवतोय अशी रदरफर्डची समजूत होती. ज्यानं ती रिफ जन्माला घातली त्यालाच आकडा ठाऊक नव्हता! गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेलं.

कॅनडाच्या रश या बँडची गोष्ट तर यापेक्षा मजेदार. टोरांटोच्या विमानतळाची खूण म्हणून वाय-वाय-झेड ही तीन अक्षरं आहेत आणि ती मोर्स लिपीत रेडिओवरून प्रसारित होतात. रशच्या १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' अल्बमवर याच नावाचा वाद्यतुकडा आहे आणि त्याची सुरुवात म्हणजे तोच रेडिओ-संकेत, जसाच्या तसा. हिशेब करून बघा. मोर्समध्ये वाय म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब. लांबाला दोन आणि आखुडाला एक धरलं तर सात. दुसऱ्या वायचे सात. झेड म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड, त्याचे सहा. एकूण वीस बारीक मात्रा, दोन-दोनची एक धरली तर दहा. लिहिताना त्याला दहा-अष्टमांश म्हणतात. पण रशचा ड्रमर नील पर्ट यानं बसून 'आज आपण दहात काहीतरी करू' असं ठरवलेलं नाही. विमानतळानं जे म्हटलं ते त्यानं घंटीसारख्या झांजेवर म्हटलं. मोर्स येत नसलेल्या माणसालाही ते टोक-टोक दुसऱ्या फेरीला तोंडपाठ होतं.

आणि पंकवाल्यांचं काय झालं बघा. १९७६-७७ मध्ये ब्रिटनमध्ये पंक आलं ते प्रोगच्या नावानं बोटं मोडतच. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन तर पिंक फ्लॉइडच्या टी-शर्टवर 'आय हेट' लिहून फिरायचा. तीन कॉर्ड, चार मात्रा, दोन मिनिटं. वीस मिनिटांची गाणी आणि अवघड मात्रा हे सगळं बड्या घरच्या पोरांचं थेर, असा त्यांचा आरोप. त्यात तथ्य होतंच. पण त्याच पंकच्या लाटेत पुढे आलेल्या स्ट्रँगलर्स या बँडचं 'गोल्डन ब्राउन' १९८२ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोचलं, आणि त्यातली हार्पसिकॉर्डची (पियानोसारख्या जुन्या वाद्याची) धून तेरा मात्रांची आहे. तीन-तीन-तीन आणि मग चार. वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा नाच, चाललाय म्हणून तुम्ही डुलायला लागता आणि चौथ्या झोक्याला जमीन एक इंच पुढे सरकते. लोक ते गुणगुणत होते. तेराचा आकडा ना बँडनं मिरवला ना लोकांनी विचारला.

आता दुसऱ्या बाजूचं. ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडच्या १९९९ च्या अल्बमवर 'द डान्स ऑफ इटर्निटी' नावाचा एक वाद्यतुकडा आहे. सहा-सव्वासहा मिनिटांत शंभराहून अधिक वेळा मात्रा बदलतात. वादकांची तयारी बघून तोंडात बोट जातं आणि त्याबद्दल मला चेष्टा करायची नाही, जॉन मायंगचा बेस ऐकावा असाच आहे. पण तो तुकडा संपल्यावर मला त्यातलं काय आठवतं? शंभराहून अधिक हा आकडा. ओळख व्हायला एकाच माणसाला दोनदा तरी भेटावं लागतं. प्रत्येक ओळीला नवा पाहुणा आला तर कुणाशीच ओळख होत नाही. आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या रॉक स्पर्धांत गेली कित्येक वर्षं आदर्श म्हणून मिरवतो तो हा तुकडा आणि याच्या जातीचे तुकडे. चुकलं नाही म्हणजे चांगलं वाजवलं, असा तिथला हिशेब. पोरं वर्षभर मेट्रोनोम (ठोके मोजून देणारं यंत्र) लावून घासतात, स्टेजवर खाली मान घालून वाजवतात, आणि मागच्या रांगेतली मंडळी चहाला जातात.

'म्हणजे आकडा आधी ठरवून चांगलं गाणं होतच नाही का?' असं कुणी विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. टूल या बँडचं २००१ चं 'लॅटरलस' माझ्या म्हणण्याला आडवं येतं. त्यात शब्दांची अक्षरं फिबोनाचीच्या क्रमानं, म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज पुढची संख्या अशा मालिकेनं, वाढतात-घटतात: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ. ध्रुवपदाच्या मात्रा नऊ, आठ, सात, आणि ९८७ ही संख्यासुद्धा त्याच मालिकेतली. इतकं ठरवून केलेलं असूनही ते गाणं अंगावर येतं. का? कारण नऊ-आठ-सात हा पायऱ्या उतरण्यासारखा आकार आहे. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एका मात्रेनं लवकर संपते, ओढ वाढत जाते, आणि मालिका ठाऊक नसली तरी ती ओढ पोटात कळते. आकडा आधी आला, पण त्याचं वाक्य झालं. असं क्वचित होतं. ज्यांना जमतं त्यांना करू द्यावं.

आता 'आमच्याकडे होतंच' म्हणणाऱ्या मित्राकडे वळतो, कारण त्याच्याशी माझं भांडण जरा आतलं आहे. रूपक आहेच. सम खालीच्या मात्रेवर, म्हणजे टाळी नसलेल्या जागी, असलेला, 'ती ती ना, धी ना, धी ना' करत झोके घेणारा ताल. पण रूपक ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सांगलीतल्या तबलजीला तोच ठेका येतो, कोलकात्यातल्यालाही तोच. गायक नुसतं 'रूपक' म्हणाला की काम झालं. शिवाय एकदा बंदिश झपतालात सुरू झाली की ती झपतालातच संपते. मधेच ताल बदलून पुन्हा मूळ तालात येणं हा आपल्या मैफलीचा नेहमीचा रिवाज नाही. प्रोग-रॉकमध्ये तयार ठेका नसतो, प्रत्येक गाणं आपला ठेका स्वतः घडवतं आणि तो त्या गाण्यापुरताच असतो. आणि गाण्याच्या पोटात मात्रा बदलणं, सातांतून चारांत आणि परत सातांत येणं, हाच त्या संगीताचा नाट्यभाग. तेव्हा 'हे आमच्याकडे होतंच' हे फक्त मात्रांच्या संख्येपुरतं खरं आहे. संख्येच्या पलीकडे दोन्हींचे मार्ग वेगळे आहेत.

आपल्याकडून शिकण्यासारखं मात्र एक होतं, ते म्हणजे धरून ठेवणारा हात. तबलजी एकल वाजवतो तेव्हा हार्मोनियमवर लेहरा चालू असतो. एकच ओळ, आवर्तनामागून आवर्तन. तबलजी कुठंही भटकून आला तरी ऐकणाऱ्याला घर कुठे आहे ते माहीत असतं, म्हणून समेची मजा. जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या १९५९ च्या 'टाइम आउट' अल्बममधलं 'टेक फाइव्ह' ऐका. रचना पॉल डेसमंडची, पाच मात्रांची, आणि ब्रूबेकचा पियानो पहिल्यापासून शेवटपर्यंत तीन-दोन, तीन-दोन असा एकच झोका देत राहतो. जो मोरेलोचा ड्रम-सोलो सुरू होतो तेव्हाही तो थांबत नाही. हा लेहराच झाला. ब्रूबेक आदल्या वर्षी, १९५८ मध्ये, अमेरिकी परराष्ट्र खात्यातर्फे जो दौरा करून आला त्यात तुर्कस्तान होतं आणि भारतही होता. त्याच अल्बममधल्या दुसऱ्या एका रचनेची नऊ मात्रांची लय, दोन-दोन-दोन-तीन, त्यानं तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकली. पाचाचं श्रेय लगेच भारताला देऊन टाकायची घाई मी करणार नाही. पण ज्या पियानोच्या झोक्यामुळे पाच मात्रांचं वाद्यसंगीत घराघरात गेलं त्या झोक्याचं काम आपल्या कानाला लगेच ओळखता येतं.

जेनेसिसच्या १९७२ च्या 'सपर्स रेडी' या तेवीस मिनिटांच्या रचनेत शेवटाकडे असंच एक प्रकरण आहे. बेस आणि ड्रम्स नऊ मात्रांची एक ओळ धरून बसतात, हटत नाहीत. वर टोनी बँक्सचा ऑर्गन त्या नवांची पर्वा न करता वाटेल तिथे तोडत, जोडत, चढत जातो. ऐकणारा हळूहळू घाबरायला लागतो की हा आता परत येतो की नाही. आणि मग पीटर गेब्रिएलचा आवाज येतो आणि सगळं एका जागी आदळतं. मैफलीत समेवर मान हलते तीच ही जागा. प्रोग-रॉकच्या विषम मात्रांचा सगळा उद्योग एका तुकड्यात समजावून सांगायचा झाला तर मी हा तुकडा लावेन. नऊ का, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगेन की आठ असते तर ऑर्गनला वाट हरवता आली नसती.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये जन्मलेल्या गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिननं हे दोन्ही बाजूंनी करून पाहिलं. १९७१ पासून महाविष्णु ऑर्केस्ट्रा या आपल्या बँडमध्ये त्यानं विजेच्या गिटारवर अठरा अठरा मात्रांची आवर्तनं फिरवली. मग आपल्या मुंबईचे झाकिर हुसेन आणि दक्षिणेतले विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये ती विजेची गिटार बाजूला ठेवली. दोन्ही ऐकल्यावर माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. शक्तीत कोण किती मात्रांत आहे हे विचारायची गरजच उरत नाही, कारण आकड्याच्या जागी बोल आले. कर्नाटक परंपरेत सात मोजत नाहीत, 'तकिट तकधिमि' म्हणतात. तीन आणि चार. तोंडातून निघालं की हातात येतंच. आज युरोप-अमेरिकेतले कितीतरी रॉक ड्रमर कोन्नकोल, म्हणजे ही तालाचे बोल तोंडानं म्हणण्याची कला, शिकतात ते याच सोयीसाठी. शोभा गुर्टूंचा मुलगा त्रिलोक गुर्टू, ज्यानं पुढे मॅक्लॉक्लिनबरोबर वर्षानुवर्षं वाजवलं, त्याच्या वाजवण्यातही ही तोंडी लय सतत ऐकू येते.

हे सगळं सार्वजनिक चर्चेचं का, असं वाटू शकेल. मूठभर रॉकवेड्यांच्या आवडीनिवडीची गोष्ट, दुसरं काय? पण आज घरोघरी पोरं कॉम्प्युटरवर संगीत बनवताहेत. गाणं बनवण्याचं बहुतेक सॉफ्टवेअर उघडलं की कोरी पाटी येते ती चार मात्रांची, मिनिटाला १२० ठोके, चौकटी आधीच आखलेल्या. ते बदलता येतं, एका क्लिकचं काम आहे. पण जे आधीच भरलेलं असतं ते बहुतेक जण तसंच ठेवतात, अर्जात असो वा गाण्यात. त्यात गाण्याचा वीस सेकंदांचा तुकडा चालला पाहिजे ही नवी अट. वीस सेकंदांत सातांची ओळख होत नाही, चारांची जन्मापासून असते. मग सिनेमात चार, जाहिरातीत चार, वरातीत चार, आणि पाळण्याशेजारी ठेवलेल्या मोबाइलवरच्या बडबडगीतातही चार. हॅनन आणि ट्रेहब यांचं म्हणणं खरं असेल, आणि ते खरं नाही असं मानायला मला कारण दिसत नाही, तर आपण एका पिढीच्या कानांची दारं पहिल्याच वाढदिवसाच्या आत लावून घेतोय. रूपकातली भावगीतं आणि झपतालातली नाट्यपदं ज्या घरांत वाजायची त्या घरांतसुद्धा.

यावर उपाय म्हणून कुणी शाळेत 'सात-अष्टमांश म्हणजे काय' हा धडा लावला तर मी पहिला विरोध करेन. अपूर्णांकानं कुणाचा कान उघडत नाही. पोरांना आखूड-आखूड-लांब असं चालायला लावावं, 'तकिट तकधिमि' म्हणायला लावावं, मनाचे श्लोक पाचात म्हणायला लावावेत. गाण्याच्या क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक तबला असतोच, त्यावर रूपकाचं बटणही असतं, ते परीक्षेच्या आदल्या महिन्यातच दाबलं पाहिजे असं कुठे लिहिलंय?

आणि कॉलेजच्या रॉक स्पर्धांचे आयोजक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक सूचना. पोर्क्युपाइन ट्रीसारखा बँड २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेला, तेव्हा प्रोग ऐकणारं गिऱ्हाईक आपल्याकडे आहे यात शंका नाही. त्याच्यासाठी परीक्षणाचा एक नियम बदलून बघा. बँडचं वाजवून झालं की प्रेक्षकांतल्या कुणालाही उभं करा, संगीत न शिकलेल्याला मुद्दाम, आणि आत्ता ऐकलेली रिफ तोंडानं म्हणायला सांगा. म्हणता आली तर बँडला पूर्ण गुण, मग मात्रा सात असोत वा सतरा. नाही आली तर तयारीचे थोडे द्या आणि पुढच्या बँडला बोलवा. यावर कुणी म्हणेल की मग सगळे 'मनी'च वाजवतील. वाजवू देत की!